हट्ट नव्हे, ताठरता. पण ती मोजायची कशी?

स्वमग्न मुलांच्या वर्तनातील ताठरतेवर अनेक कुटुंबांचा संपूर्ण दिवस अवलंबून असतो. तरीही केवळ ही ताठरता मोजण्यासाठी स्वतंत्र प्रश्नावल्या तयार होण्यास २०१७ आणि २०२० ही वर्षे उजाडावी लागली. या मोजपट्ट्या काय सांगतात, काय सांगू शकत नाहीत आणि पालकांनी त्यांच्याकडे कसे पाहावे, याचा हा आढावा.

विशेष प्रतिनिधी

शाळेची बस नेहमीचे वळण सोडून दुसऱ्या रस्त्याने गेली, दूध रोजच्या पेल्याऐवजी पाहुण्यांच्या पेल्यातून दिले, किंवा बैठकीतील खुर्ची भिंतीपासून हातभर सरकवली, एवढे निमित्त पुरते. मूल तासभर आकांत करते, स्वतःला चावते किंवा त्या दिवशी घराबाहेर पाऊल टाकण्यासच नकार देते. शेजारीपाजारी याला हट्ट म्हणतात. कोणी लाडावलेपणा म्हणतात. स्वमग्न मुलांच्या पालकांना मात्र हा हट्ट नाही, हे अनुभवाने ठाऊक असते. हट्टी मुलाला काहीतरी मिळवायचे असते. या मुलाला नवे काही नको असते. जे जसे आहे ते तसेच राहावे, एवढीच त्याची मागणी असते.

परिस्थिती बदलली की त्यानुसार स्वतःचे वागणे बदलता न येणे, याला मानसशास्त्रज्ञ वर्तनातील ताठरता म्हणतात. स्वमग्नतेच्या निदानात तिला महत्त्वाचे स्थान आहे. परंतु एखाद्या मुलात ती किती आहे, सहा महिन्यांच्या उपचारांनंतर ती कमी झाली की नाही, आणि झाली असल्यास खरोखर झाली की तसे केवळ भासते, या प्रश्नांची उत्तरे देणे दीर्घकाळ कठीण राहिले. ही अडचण केवळ संशोधकांची नाही. स्वमग्नतेवरील उपचारांसाठी कुटुंबे आपली वर्षानुवर्षांची कमाई खर्च करतात. तो खर्च सार्थकी लागला की नाही, हे ठरवण्याचे साधनच सदोष असेल, तर फसगत अटळ ठरते.

पहिल्या नोंदीपासूनचे लक्षण

लिओ कॅनर या बालमनोविकारतज्ज्ञांनी १९४३ मध्ये अमेरिकेतील बाल्टिमोर येथून ११ मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले. स्वमग्नता ही स्वतंत्र अवस्था म्हणून वैद्यकशास्त्रात ओळखली जाऊ लागली, ती या लेखापासून. या मुलांमध्ये कॅनर यांना दोन गोष्टी ठळकपणे जाणवल्या. एक म्हणजे माणसांपासूनचे अलिप्तपण आणि दुसरी म्हणजे भोवतालचे सारे काही जसेच्या तसे राहावे, याची चिंतायुक्त ओढ. पुढे १९५६ मध्ये लिऑन आयझेनबर्ग यांच्यासमवेत लिहिताना त्यांनी याच दोन लक्षणांना स्वमग्नतेचा गाभा मानले.

नंतरच्या काळात संशोधनाचा भर पहिल्या लक्षणावर, म्हणजे सामाजिक संवादावर, अधिक राहिला. दुसरे लक्षण 'मर्यादित आणि पुनरावृत्तीचे वर्तन' या व्यापक शीर्षकाखाली गेले. अमेरिकन मनोविकार संघटनेने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निदान नियमावलीच्या पाचव्या आवृत्तीत या शीर्षकाखाली चार प्रकार येतात. हात फडफडवण्यासारख्या त्याच त्या हालचाली किंवा तेच ते बोलणे, सारखेपणाचा व दिनक्रमाचा आग्रह, एखाद्याच विषयात असाधारण गुंतून राहणे आणि आवाज, स्पर्श, प्रकाश इत्यादींना अतितीव्र किंवा अतिमंद प्रतिसाद, असे हे चार प्रकार. निदानासाठी यांपैकी किमान दोन असावे लागतात.

या मांडणीमुळे निदानात सुसूत्रता आली, पण मोजमापात एक गोंधळ शिल्लक राहिला. हात फडफडवणारे मूल आणि रस्ता बदलताच कोलमडणारे मूल यांची नोंद एकाच शीर्षकाखाली होते. प्रत्यक्षात या दोन गोष्टींचा परस्परसंबंध तितकासा घट्ट नाही. २००० नंतरच्या दशकातील अनेक विश्लेषणांत हे वर्तन दोन गटांत विभागलेले आढळले. एका गटात शारीरिक व संवेदनांशी निगडित पुनरावृत्ती येते, तर दुसऱ्यात सारखेपणाचा आग्रह. पहिला गट बौद्धिक क्षमता कमी असलेल्या मुलांत अधिक आढळतो. दुसऱ्याचा बुद्ध्यंकाशी तसा ठळक संबंध दिसत नाही. म्हणजे पाढे तोंडपाठ असणारे, वर्गात पहिले येणारे स्वमग्न मूलही वेळापत्रक बदलल्यावर पूर्ण हतबल होऊ शकते.

जुन्या मोजपट्ट्या आणि त्यांचे कोपरे

या वर्तनाच्या मोजमापासाठी सर्वाधिक वापरली गेलेली प्रश्नावली जेम्स बॉडफिश आणि सहकाऱ्यांनी २००० च्या सुमारास सिद्ध केली. पुनरावृत्ती वर्तनाची ही सुधारित श्रेणी ४३ प्रश्नांची असून त्यांची विभागणी सहा गटांत केलेली आहे. साचेबद्ध हालचालींचे ६, स्वतःला इजा करण्याचे ८, अनिवार कृतींचे ८, विधीवजा सवयींचे ६, सारखेपणाच्या आग्रहाचे ११ आणि मर्यादित आवडींचे ४, असे हे प्रश्न आहेत. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण दिले जातात. प्रश्नावली उपयुक्त आहे, परंतु ताठरता हा तिचा एक भाग आहे, संपूर्ण विषय नव्हे.

निदानासाठी वापरल्या जाणाऱ्या साधनांची अडचण वेगळी आहे. मुलाशी ठरावीक खेळ व गप्पा यांतून साधारण ४० ते ६० मिनिटांत केली जाणारी निरीक्षण चाचणी जगभर प्रमाण मानली जाते. मात्र दवाखान्यातील त्या खोलीत मुलाचा रोजचा पेला नसतो, नेहमीचा रस्ता नसतो. तज्ज्ञ व्यक्ती मुलाच्या कलाने घेत असते. साहजिकच घरी दररोज दिसणारी ताठरता त्या तासाभरात डोके वर काढेलच, याची खात्री नसते. शिवाय या साधनांची रचना 'स्वमग्नता आहे की नाही' हे ठरवण्यासाठी केलेली असते. 'आहे ती कमी झाली का' हा प्रश्न निराळा आहे. ताप आहे की नाही हे कपाळाला हात लावूनही कळते. तो दोन अंशांनी उतरला का, हे कळण्यासाठी तापमापकच लागतो.

पत्त्यांचा खेळ आणि प्रत्यक्ष आयुष्य

ताठरता प्रयोगशाळेत मोजण्याचेही प्रयत्न झाले. त्यांतील सर्वांत प्रसिद्ध चाचणी म्हणजे विस्कॉन्सिन विद्यापीठात १९४८ मध्ये विकसित झालेली पत्ते जुळवण्याची चाचणी. पत्त्यांवर निरनिराळ्या रंगांच्या, आकारांच्या व संख्यांच्या आकृत्या असतात. पत्ते रंगानुसार लावायचे, आकारानुसार की संख्येनुसार, हे मुलाला सांगितले जात नाही. प्रत्येक वेळी फक्त 'बरोबर' किंवा 'चूक' एवढेच सांगतात. मुलाला नियम उमगला आणि त्याने सलग दहा पत्ते अचूक लावले, की परीक्षक काहीही न सांगता नियम बदलतो. त्यानंतरही मूल जुन्याच नियमाला किती वेळा चिकटून राहते, ते मोजले जाते.

स्वमग्न मुले या चाचणीत मागे पडतात, असे अनेक अभ्यासांत दिसून आले. परंतु १९९५ मध्ये सॅली ओझोनॉफ यांनी हीच चाचणी संगणकावर दिली, तेव्हा स्वमग्न मुलांची कामगिरी सुधारली. समोर परीक्षक असण्याचा, म्हणजे चाचणीतील सामाजिक भागाचा, निकालावर परिणाम होत असावा, असा त्याचा अर्थ निघतो. याखेरीज, पत्त्यांत उत्तम गुण मिळवणारी काही मुले घरी मात्र तितकीच ताठर असल्याचे पालक सांगत होते.

हिल्डे गुर्ट्स, ब्लिथ कॉर्बेट आणि मार्जोरी सॉलोमन यांनी २००९ मध्ये उपलब्ध संशोधनाचा आढावा घेऊन या विसंगतीकडे लक्ष वेधले. दैनंदिन जीवनात जी ताठरता उघडपणे दिसते, ती प्रयोगशाळेतील चाचण्यांत सातत्याने पकडता येत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. याचे कारण समजण्यासारखे आहे. पत्ते चुकीचे लागले तर मुलाचे काहीच बिघडत नाही. रोजचा रस्ता बदलला तर मात्र पुढे काय होणार, हेच त्याला उमगत नाही. एकात केवळ नियम बदलतो. दुसऱ्यात पायाखालची जमीन सरकते.

औषध आणि साखरेची गोळी

मोजमापाचे महत्त्व किती, हे अमेरिकेतील एका औषध चाचणीवरून स्पष्ट व्हावे. नैराश्यासाठी वापरले जाणारे सिटॅलोप्रॅम हे औषध स्वमग्न मुलांतील पुनरावृत्तीचे वर्तन कमी करते का, याची तपासणी ५ ते १७ वर्षे वयाच्या १४९ मुलांवर १२ आठवडे करण्यात आली. तिचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. निम्म्या मुलांना औषध, तर उरलेल्यांना तशीच दिसणारी निष्प्रभ गोळी देण्यात आली. कोणाला काय मिळत आहे, हे पालकांना वा तपासणाऱ्या डॉक्टरांना ठाऊक नव्हते.

औषध घेणाऱ्यांपैकी सुमारे ३३ टक्के मुलांत लक्षणीय सुधारणा नोंदवली गेली. निष्प्रभ गोळी घेणाऱ्यांत हेच प्रमाण होते सुमारे ३४ टक्के! औषध घेणाऱ्या मुलांत अतिचंचलता, उतावळेपणा यांसारखे दुष्परिणाम मात्र अधिक आढळले.

या आकड्यांतून दोन गोष्टी ध्यानात येतात. पहिली म्हणजे, तुलनेसाठी दुसरा गट नसता तर 'तीनपैकी एका मुलाला गुण आला' असे छातीठोकपणे सांगता आले असते. स्वमग्नतेवर हमखास उपचाराच्या ज्या जाहिराती होतात, त्या बहुधा याच पद्धतीच्या असतात. दुसरी गोष्ट अशी की उपचार सुरू झाला या आशेनेच पाहणाऱ्याची नजर बदलते. मुलाच्या वर्तनात दिवसागणिक चढउतार असतातच. पालक डॉक्टरांकडे जातात ते सर्वांत वाईट काळात. त्यानंतर काहीही न करता थोडा उतार पडण्याचीच शक्यता जास्त असते. मोजपट्टी जितकी मोघम, तितका या आशेला आणि योगायोगाला अधिक वाव मिळतो.

याचा अर्थ औषध निरुपयोगीच होते, असे प्रत्येक मुलाबाबत म्हणता येत नाही. परंतु हालचालींची पुनरावृत्ती, अनिवार कृती आणि ताठरता या वेगवेगळ्या गोष्टी एकाच बेरजेत मिसळल्या, तर एकात पडलेला फरक दुसऱ्यात झाकला जाऊ शकतो. म्हणूनच नेमक्या ताठरतेसाठी वेगळी मोजपट्टी हवी, ही मागणी पुढे आली.

६२ प्रश्नांतून ३८

या दिशेने २०१७ मध्ये जॉन स्ट्रँग आणि सहकाऱ्यांनी २७ प्रश्नांची लवचीकता श्रेणी प्रसिद्ध केली. तिच्यात दिनक्रम व विधी, बदल व स्थित्यंतरे, विशेष आवडी, सामाजिक लवचीकता आणि नवे सुचण्याची क्षमता, असे पाच घटक आढळले. तिची तपासणी मुख्यतः बौद्धिक अक्षमता नसलेल्या मुलांवर झाली होती. न बोलणाऱ्या किंवा अत्यल्प बोलणाऱ्या मुलांचा प्रश्न त्यामुळे कायम राहिला.

त्यानंतर २०२० मध्ये ओहायो स्टेट विद्यापीठाचे ल्युक लेकव्हालिए, तसेच जेम्स बॉडफिश, क्लेअर हॅरप, ब्रायन बॉयड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्तन ताठरता श्रेणी मांडली. ही श्रेणी पालकांनी भरावयाची असून स्वमग्नतेबरोबरच इतर विकासात्मक अक्षमता असलेल्या मुलांचाही विचार तिच्यात केलेला आहे.

ती तयार करण्याची पद्धत समजून घेण्याजोगी आहे. प्रथम तज्ज्ञांची मते, आधीच्या प्रश्नावल्या आणि गटचर्चा यांच्या आधारे ६२ संभाव्य प्रश्नांचा संच जमवण्यात आला. हे प्रश्न स्वमग्न मुलांच्या पालकांना देण्यात आले आणि ९४३ मुलांच्या पूर्ण माहितीचे विश्लेषण झाले. त्यातून अखेर ३८ प्रश्न उरले.

प्रश्न गाळले जातात, ते का? चाचणीशास्त्राचे काही साधे निकष असतात. ज्या प्रश्नाला जवळजवळ सर्वच पालक एकसारखे उत्तर देतात, तो मुलामुलांतील फरक दाखवू शकत नाही. ज्याचा इतर प्रश्नांशी मेळ बसत नाही, तो बहुधा दुसरेच काही मोजत असतो. आणि ज्याचा अर्थ दोन पालक दोन प्रकारे लावतात, तो विश्वासार्ह नसतो. असे प्रश्न वगळून जो संच उरतो, त्याच्या आणखी परीक्षा होतात. त्याच पालकाने काही दिवसांनी पुन्हा भरल्यास गुण जवळपास तेच येतात का? आई आणि वडील यांच्या उत्तरांत किती मेळ आहे? आधीच्या मान्य श्रेणींशी निकाल कितपत जुळतात? यांपैकी पहिल्या दोन प्रश्नांतून मोजपट्टीची विश्वासार्हता कळते. तिसऱ्यातून तिची यथार्थता, म्हणजे जे मोजायचे तेच ती मोजते की नाही, हे समजते. वाण्याचा काटा दर वेळी समान वजन दाखवत असला तरी तो शंभर ग्रॅमने खोटा असू शकतो. म्हणून दोन्ही कसोट्या आवश्यक ठरतात.

मूल बदलले की घर?

इथवरचे सारे मान्य केले, तरी ताठरतेच्या मोजमापातील सर्वांत अवघड पेच उरतोच. ताठरता मुलाच्या आत एखाद्या गाठीसारखी नसते. मूल आणि परिस्थिती यांच्यात खटका उडतो, तेव्हाच ती दिसते. खटका उडू नये याची तजवीज घर आधीच करीत असते.

आई त्याच आकाराच्या पोळ्या करते. वडील कार्यालयातून त्याच वेळी परततात आणि तीच जागा सोडून बसतात. भावंडे दूरचित्रवाणीची वाहिनी बदलत नाहीत. लग्नकार्याला घरातील एकच जण जातो, सुटीतील प्रवास रद्द होतात, पाहुण्यांना 'येण्याआधी कळवा' असे सांगितले जाते. अशा घरात प्रश्नावली भरली तर गुण कमी येतील. मुलाची ताठरता मात्र तसूभरही कमी झालेली नसते. ती संपूर्ण कुटुंबाने आपल्यावर घेतलेली असते. याउलट, उपचारांच्या सूचनेनुसार एखादे कुटुंब धीर करून रोज एक छोटासा बदल घडवू लागले, तर सुरुवातीला आकांत वाढेल आणि गुणही वाढतील. कागदावर पीछेहाट दिसेल. प्रत्यक्षात ती प्रगतीची सुरुवात असू शकते.

कुटुंबाच्या या जुळवून घेण्याचा अभ्यास प्रथम अनिवार विचार-कृती विकाराच्या रुग्णांबाबत झाला. त्यासाठी १९९० च्या दशकात स्वतंत्र श्रेणीही तयार झाली. अलीकडच्या काळात स्वमग्न मुलांच्या कुटुंबांबाबतही तिचा वापर होऊ लागला आहे. ताठरतेचे गुण आणि कुटुंबाने केलेल्या तडजोडी या दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या, तरच आकड्याचा खरा अर्थ उलगडतो.

दुसरा पेच नैतिक आहे. अनेक प्रौढ स्वमग्न व्यक्तींनी लिहून ठेवले आहे की सारखेपणा हा त्यांच्या दृष्टीने दोष नसून आधार आहे. आवाज, प्रकाश, माणसांचे हावभाव यांचा अंदाज लागत नाही, अशा जगात निदान रस्ता तरी तोच असावा, ही अपेक्षा अनाठायी म्हणता येत नाही. अनिश्चितता सहन न होणे, चिंता आणि सारखेपणाचा आग्रह यांचा निकटचा संबंध संशोधनातही दिसून आला आहे. म्हणून गुण शून्यावर आणणे हे उद्दिष्टच असू शकत नाही. कोणत्या ताठरतेमुळे मुलाचे शिक्षण, आरोग्य वा सुरक्षितता धोक्यात येते आणि कोणती निरुपद्रवी आहे, हा विवेक प्रश्नावली करीत नाही. तो माणसांनीच करायचा असतो. रोज निळाच सदरा घालणाऱ्या मुलाने कोणाचे काही बिघडवलेले नसते. एकच पदार्थ खाणाऱ्या मुलाच्या पोषणाचा प्रश्न मात्र खरा असतो.

ताठरतेवर काम करता येते, हेही येथे नमूद केले पाहिजे. वॉशिंग्टन येथील लॉरेन केनवर्दी आणि सहकाऱ्यांनी शाळेत राबवण्यासाठी तयार केलेल्या एका कार्यक्रमात मुलांना 'अडकणे', 'दुसरा बेत आखणे', 'तडजोड' अशा शब्दांचे एक सामायिक भांडारच दिले जाते आणि ते शाळेत व घरी सारखेच वापरले जाते. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनात्मक चाचणीत, सामाजिक कौशल्यांचे प्रशिक्षण मिळालेल्या मुलांपेक्षा या मुलांची लवचीकता अधिक वाढल्याचे आढळले. त्यात केवळ पालकांच्या मतावर विसंबून न राहता, कोणाला कोणते प्रशिक्षण मिळाले हे ठाऊक नसलेल्या निरीक्षकांकडून वर्गातील निरीक्षणेही नोंदवली गेली होती.

आपल्याकडील चित्र

स्वमग्नता हा पाश्चात्त्यांचा आजार आहे, हा समज आता टिकणारा नाही. भारतातील पाच ठिकाणी २ ते ९ वर्षे वयाच्या मुलांची पाहणी करून २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात उत्तर गोव्याचाही समावेश होता. त्यात स्वमग्नतेचे प्रमाण साधारण एक टक्क्याच्या आसपास आढळले.

आपल्याकडे अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी स्वमग्नता मूल्यमापनाची भारतीय श्रेणी वापरली जाते. सिकंदराबाद येथील राष्ट्रीय संस्थेने विकसित केलेल्या या श्रेणीत सहा विभाग व ४० प्रश्न आहेत. प्रत्येक प्रश्नाला एक ते पाच गुण असल्याने एकूण गुण ४० ते २०० या दरम्यान येतात. ७० पेक्षा कमी गुण आल्यास स्वमग्नता नाही, ७० ते १०६ सौम्य, १०७ ते १५३ मध्यम आणि त्यापुढे तीव्र, असे वर्गीकरण आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ नुसार स्वमग्नतेचा समावेश २१ प्रकारच्या अपंगत्वांत झाला असून, अनेक सवलतींसाठी किमान ४० टक्के अपंगत्व आवश्यक असते. त्यामुळे या श्रेणीचे महत्त्व मोठे आहे.

परंतु या ४० प्रश्नांपैकी सारखेपणाच्या आग्रहाविषयी थेट विचारणारा प्रश्न एकच आहे. समजा, एखाद्या मुलाचा हा आग्रह वर्षभराच्या प्रयत्नांनी पाच गुणांवरून दोनवर आला. कुटुंबाच्या दृष्टीने ही क्रांतीच. बाहेर जेवता येऊ लागले, नातेवाइकांकडे राहता येऊ लागले. एकूण गुणांत मात्र २०० पैकी अवघ्या तीन गुणांचा फरक पडेल. हा त्या श्रेणीचा दोष नव्हे. तिचे काम निदान आणि तीव्रता ठरवण्याचे आहे. मात्र प्रगतीचा आलेख काढण्यासाठी तिचाच वापर केला, तर हाती निराशा येण्याचीच शक्यता अधिक.

परदेशी प्रश्नावली जशीच्या तशी उचलणे हाही मार्ग नव्हे. केवळ शब्दांचे भाषांतर पुरत नाही. स्वतःची स्वतंत्र खोली असलेल्या मुलाच्या वस्तू कोणी हलवत नाही. दोन खोल्यांच्या घरात सहा माणसे राहत असतील, तर वस्तू दिवसातून दहा वेळा हलतात. त्या मुलाची ताठरता अधिक दिसेल, कारण तिला डिवचणारे प्रसंग अधिक घडतात. दुसरीकडे, एकत्र कुटुंबात आजी-आजोबा अनेक गोष्टी सांभाळून घेतात आणि ती दिसेनाशीही होते. सणवार, सोवळेओवळे, उपवास यांतून आलेली नियमितता आणि मुलाची ताठरता यांतील सीमारेषाही काळजीपूर्वक आखावी लागते. म्हणूनच कोणतीही श्रेणी मराठीत आणताना ती येथील कुटुंबांवर नव्याने तपासून घेणे आवश्यक ठरते. हे काम खर्चिक व वेळखाऊ असले, तरी त्याला पर्याय नाही.

पालकांनी काय लक्षात ठेवावे?

* महाजालावर मिळालेली प्रश्नावली घरी भरून निदान करू नये. निदानासाठी बालविकासतज्ज्ञ, बालमनोविकारतज्ज्ञ किंवा चिकित्सा मानसशास्त्रज्ञ यांच्याकडेच जावे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांतर्गत उभारलेल्या जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रांतही तपासणीची सोय असते.

* कोणताही नवा उपचार सुरू करण्यापूर्वी किमान दोन आठवडे नोंदी ठेवाव्यात. आधीचे मोजमाप नसेल, तर नंतरच्या आकड्याला अर्थ उरत नाही.

* प्रत्येक वेळी प्रश्नावली शक्यतो एकाच व्यक्तीने भरावी. दुसऱ्या पालकाची व शिक्षकांची उत्तरे वेगळी घ्यावीत; ती एकमेकांत मिसळू नयेत. उत्तरांत तफावत आढळल्यास कोणीतरी चूक आहे असे मानू नये. मूल घरी आणि शाळेत निराळे वागू शकते.

* नोंद करताना चार गोष्टी लिहाव्यात : कोणता बदल झाला, मुलाने काय केले, शांत होण्यास किती वेळ लागला आणि त्यासाठी घरातील कोणाला काय सोडून द्यावे लागले. यांतील चौथी नोंद बहुतेक वेळा राहून जाते, तीच सर्वांत उपयोगी ठरते.

* आजारपण, झोपेची तक्रार, शाळा बदलणे, दातदुखी यांमुळेही ताठरता वाढते. अशा काळातील नोंदींवर तशी खूण करावी.

* गुणांत हमखास घट करून दाखवण्याचा दावा करणाऱ्यांना तीन प्रश्न विचारावेत : मोजमाप कशाने केले? कोणी केले? आणि उपचार न घेतलेल्या मुलांत तेवढ्याच काळात किती फरक पडला? या प्रश्नांची सरळ उत्तरे मिळत नसतील, तर पैसे भरण्यापूर्वी दुसऱ्या तज्ज्ञाचा सल्ला अवश्य घ्यावा.